रंग खंय गेले? घरगुती संगणक आणि टीव्हीचा पडदा

१९८६ सालच्या चवथीची गोष्ट आहे. चवथीला सगळे भाऊबंद मूळ घरी जमतात, हे गोव्यातल्या वाचकाला वेगळे सांगायला नको. माटोळी बांधून झाली होती, आरत्या झाल्या होत्या, नेवऱ्यांचा डबा अर्धा रिकामा झाला होता. पण आम्हा मुलांचा जीव त्या वर्षी माडीवरच्या खोलीत अडकला होता. तिथे एका मेजावर दोन कॉम्प्युटर ठेवले होते. एक माझा, एक माझ्या थोरल्या चुलतभावाचा, म्हणजे दादाचा. दोन्ही मामांच्या कृपेने आलेले. माझे मामा बोटीवर होते, त्यांनी इंग्लंडच्या बंदरातून माझ्यासाठी सिंक्लेअरचा झेडएक्स स्पेक्ट्रम आणला होता. दादाचे मामा अमेरिकेत होते, त्यांनी पाठवला होता कमोडोर ६४.

टीव्ही मात्र एकच. थोरल्या काकांनी दुबईहून आणलेला रंगीत. वाड्यावर रंगीत टीव्ही तेव्हा मोजकेच होते, त्यामुळे शेजारपाजारची मुलेही येऊन बसली होती. प्रश्न साधा होता: कोणाच्या कॉम्प्युटरचे चित्र चांगले?

आधी माझा स्पेक्ट्रम लावला. अँटेनाची वायर काढून तिथे स्पेक्ट्रमची वायर खुपसली, यूएचएफचे बटण दाबले, बारीक चाक फिरवत फिरवत गेलो आणि मुंग्यांतून एकदम पांढरा पडदा वर आला. कॅसेट लावली. पडद्याच्या कडेला निळे-पिवळे पट्टे नाचू लागले. पाचेक मिनिटांनी खेळ सुरू झाला. लाल, हिरवा, पिवळा, जांभळा, सगळे रंग! मुलांनी टाळ्या वाजवल्या.

मग दादाचा कमोडोर. त्याला अमेरिकन ११० व्होल्ट लागत, म्हणून सोबत विटेएवढा जड ट्रान्सफॉर्मर. वायर जोडली, चाक फिरवले, तर चित्र खालून वर, खालून वर पळत सुटले. काकांनी टीव्हीच्या पाठीमागची खुंटी पिळून ते कसेबसे थांबवले. थांबलेले चित्र काळे-पांढरे होते. आवाज नाहीच, नुसती खरखर. दारात उभी असलेली आजी सहज म्हणाली, "रंग खंय गेले रे?"

सगळे हसले. सगळ्यांत मोठ्याने मी हसलो. दादाने काही न बोलता वायर काढली आणि कमोडोर खोक्यात भरला. त्या चवथीनंतर तो खोक्यातून बाहेर आलेला मी पाहिला नाही. आमच्या घरात आणि वाड्यावर निकाल कायमचा लागला: स्पेक्ट्रम बरा, अमेरिकन डबा वाईट.

तो निकाल सपशेल चुकीचा होता. का चुकीचा होता, हे कळायला मला तीस वर्षे लागली, आणि त्याच निमित्ताने हा लेख लिहितो आहे.

*

पहिला प्रश्न असा की संगणक टीव्हीला जोडायचे कारणच काय? आजच्या मुलांना हे विचित्र वाटते. पण १९७० च्या दशकाच्या शेवटी घरगुती संगणक आले तेव्हा स्वतंत्र मॉनिटर ही महागडी चीज होती. टीव्ही मात्र घरात आधीच होता. संगणकाची किंमत खाली आणायची तर पडदा ग्राहकाच्या घरचाच वापरायचा, हा सरळ हिशेब. १९८२ च्या एप्रिलमध्ये स्पेक्ट्रम आला तो १६ किलोबाइटचा १२५ पौंडांना आणि ४८ किलोबाइटचा १७५ पौंडांना. त्यात पडदा धरला असता तर हे आकडे शक्यच नव्हते.

पण त्या काळच्या साध्या टीव्हीला आत शिरायला दारच एक होते: अँटेनाचे. त्या दारातून फक्त टीव्ही केंद्राचा कार्यक्रम आत येऊ शकतो. म्हणून संगणकाला टीव्ही केंद्राचे सोंग घ्यावे लागे. संगणकाच्या पोटात पत्र्याची एक छोटी डबी असायची, मॉड्युलेटर. ती चित्राला एका वाहक लहरीवर बसवून एखाद्या चॅनलवर 'प्रक्षेपित' करायची, वायरीतल्या वायरीत. स्पेक्ट्रम हे काम ब्रिटनच्या यूएचएफ चॅनल ३६ वर करी. अमेरिकन कमोडोर व्हीएचएफच्या चॅनल ३ किंवा ४ वर करी.

आता चित्र या प्रवासात किती वेळा कालवले जाते ते पाहा. संगणकाच्या आत लाल, हिरवा, निळा किंवा उजेड आणि रंग अशा वेगवेगळ्या गोष्टी असतात. आपल्या जेवणाची उपमा देतो. भात वेगळा, हुमण वेगळे, तोंडाक वेगळे, सगळे आपापल्या वाटीत, असे चित्र टीव्हीपर्यंत गेले तर त्याला आरजीबी म्हणतात. तीन रंगांच्या तीन तारा, कोणी कोणात मिसळत नाही. भात एका वाटीत आणि बाकी सगळे दुसऱ्या वाटीत, म्हणजे उजेड एका तारेत आणि रंग दुसऱ्या तारेत, ही पुढची पायरी. पुढे १९८७ साली एस-व्हीएचएस व्हिडिओ रेकॉर्डर आले तेव्हा याच पद्धतीचे एस-व्हिडिओ हे नाव रूढ झाले. सगळे एकाच ताटात कालवून एका तारेतून पाठवले की झाला कॉम्पोझिट. आणि कालवलेले ताट डब्यात भरून, झाकण लावून टपालाने पाठवले की झाले अँटेनाच्या वायरीचे चित्र.

कालवलेला भात पुन्हा निवडायचा उद्योग टीव्हीच्या गळ्यात पडतो. तो गाळणी लावतो, पण थोडे हुमण भाताला चिकटलेले राहतेच. रंगाची लहर उजेडात शिल्लक राहिली की उभ्या कडांवर ठिपके मुंग्यांसारखे सरकताना दिसतात. उलट उजेडातले बारीक तपशील रंगाच्या गाळणीत अडकले की जिथे रंग नाहीच तिथे इंद्रधनुष्य उमटते. शिवाय प्रसारणाच्या पद्धतीत रंगाला जागाच कमी दिलेली असते. 'पाल' पद्धतीत उजेडाला पाच मेगाहर्ट्झच्या आसपास, तर रंगाला साधारण सव्वा. माणसाचा डोळा रंगाच्या कडांपेक्षा उजेडाच्या कडा नीट पाहतो, त्यामुळे सिनेमा बघताना हे खपून जाते. पण निळ्यावर लाल अक्षरे लिहा, मग फरक कळतो.

*

आता ज्या गोष्टीने आमच्या माडीवरचा निकाल फिरवला तिच्याकडे येतो.

जगात रंगीत टीव्हीच्या तीन मुख्य पद्धती होत्या. अमेरिकेची एनटीएससी: ५२५ रेषा, सेकंदाला ६० वेळा पडद्याची झाडलोट, रंगाची लहर ३.५८ मेगाहर्ट्झवर. जर्मनीत टेलिफुंकेनच्या वाल्टर ब्रुख यांनी घडवलेली पाल: ६२५ रेषा, सेकंदाला ५० वेळा, रंगाची लहर ४.४३ मेगाहर्ट्झवर. आणि फ्रान्सची सेकाम: रेषा पालएवढ्याच, पण रंग पाठवण्याची तऱ्हा अगदी निराळी. भारताने पाल घेतली. १९८२ च्या स्वातंत्र्यदिनी दूरदर्शन रंगीत झाले, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात एशियाड आले.

काकांचा दुबईचा टीव्ही आखातातल्या वापरासाठी केलेला. त्याला पाल समजायची आणि सेकामही समजायची. एनटीएससी समजत नव्हती. दादाचा कमोडोर अमेरिकेचा, म्हणजे एनटीएससी. तो सेकंदाला ६० चित्रे पाठवत होता, टीव्ही ५० ची वाट पाहत होता, म्हणून चित्र वर पळत होते. रंग ३.५८ वर होते, टीव्ही ४.४३ वर शोधत होता, म्हणून काळे-पांढरे. आवाजाची लहर अमेरिकेत चित्रापासून ४.५ मेगाहर्ट्झवर असते, आपल्याकडे ५.५ वर, म्हणून खरखर. आजी, रंग कुठे गेले नव्हते. ते त्या तारेतच होते. आमच्या टीव्हीला ती भाषा येत नव्हती, एवढेच.

माझा स्पेक्ट्रम मात्र ब्रिटनचा, म्हणजे पाल. ब्रिटनमध्येही आवाजाचे अंतर आपल्यापेक्षा वेगळे, ६ मेगाहर्ट्झ. पण ४८ किलोबाइटचा स्पेक्ट्रम आवाज टीव्हीकडे पाठवतच नसे, त्याच्या पोटात स्वतःचा चिमुकला स्पीकर होता. म्हणजे चित्रही जुळले आणि आवाजाची अडचणही आली नाही. यात माझ्या मशीनचे कर्तृत्व शून्य. माझ्या मामांची बोट कुठल्या बंदराला लागली, एवढ्यावर मी जिंकलो होतो.

*

मग ही दोन मशिने खरोखर एका पट्टीने मोजली तर? त्यासाठी आधी दोघांची रचना पाहू.

स्पेक्ट्रमच्या पडद्यावर आडवे २५६ आणि उभे १९२ ठिपके. प्रत्येक ठिपक्याला स्वतःचा रंग द्यायचा तर खूप मेमरी लागली असती. म्हणून रिचर्ड आल्टवॉसर यांनी युक्ती केली: ठिपका पेटलेला की विझलेला एवढेच ठिपक्यागणिक नोंदवायचे, त्याला ६१४४ बाइट. रंग मात्र आठ बाय आठच्या चौकटीला दोनच, एक शाईचा, एक कागदाचा. अशा चौकटी ७६८. एकूण ६९१२ बाइटांत सगळा पडदा! काटकसर म्हणावी तर ही. पण एकाच चौकटीत दोन रंगीत वस्तू आल्या की एकीचा रंग दुसरीला लागे. हिरव्या झाडामागून पांढरा माणूस गेला की तो चौकटीपुरता हिरवा. १९८४ सालच्या 'नाइट लोअर' या खेळाने तर हा उपद्रव नको म्हणून खेळाची खोली एकाच रंगात रंगवली, आणि तो खेळ गाजला.

हा दोष संगणकाचा, तारेचा नाही, हे लक्षात घ्या. तारेचा दोष निराळा. स्पेक्ट्रममध्ये ठिपक्यांचे घड्याळ एका स्फटिकावर चाले आणि रंगाच्या लहरीचे दुसऱ्या. दोघांचा ताल जुळलेला नसे. त्यामुळे अक्षरांच्या कडा सतत थरथरत. लहानपणी मला ती थरथर म्हणजे मशीन जिवंत असल्याची खूण वाटायची!

कमोडोर ६४ ची चित्राची चिप व्हीआयसी-२. तिच्याकडे १६ रंग. ३२० बाय २०० ठिपक्यांत चौकटीला दोन रंग, किंवा ठिपके दुप्पट रुंद करून १६० बाय २०० मध्ये चौकटीला चार रंग. शिवाय आठ 'स्प्राइट', म्हणजे पार्श्वभूमीला न बिघडवता हलणारी स्वतंत्र चित्रे. रंगही सौम्य: तपकिरी, फिकट लाल, करड्याच्या तीन छटा. स्पेक्ट्रमचे रंग म्हणजे जत्रेतल्या फुग्यांचे, कमोडोरचे म्हणजे जुन्या कुणबी साडीचे.

आणि तारेच्या बाबतीत कमोडोरने एक शहाणपण केले होते. सुरुवातीची काही मशिने सोडली तर उजेड आणि रंग वेगवेगळ्या टोकांवर बाहेर काढलेले होते. कंपनीच्या १७०१ आणि १७०२ या मॉनिटरांच्या पाठीमागे त्यासाठी दोन वेगळी छिद्रे होती. एस-व्हिडिओ हे नाव बाजारात यायच्या चार-पाच वर्षे आधी! म्हणजे माडीवर ज्या मशीनला आम्ही हसलो, त्याच्या पाठीत स्पेक्ट्रमपेक्षा कितीतरी स्वच्छ चित्राची सोय होती. आम्हाला फक्त अँटेनाचे दार माहीत होते.

*

आता वाचकाला वाटेल की मग सरळ आहे, तार जितकी चांगली तितके चित्र चांगले. मलाही बरीच वर्षे तसेच वाटत होते. पण इतिहास इतका सरळ नाही. दोन उदाहरणे देतो, एक अमेरिकेचे आणि एक फ्रान्सचे.

१९७७ साली स्टीव्ह वॉझ्नियाक यांचा अॅपल-२ आला. त्यात रंग होते, पण रंग तयार करणारी वेगळी यंत्रणा जवळजवळ नव्हतीच. वॉझ्नियाक यांनी मुख्य घड्याळ १४.३१८ मेगाहर्ट्झचे ठेवले, म्हणजे एनटीएससीच्या रंगलहरीच्या बरोबर चौपट. बारीक ठिपके तिच्या दुप्पट वेगाने बाहेर पडत. आता एक ठिपका पेटलेला, एक विझलेला, अशी रांग पाठवली की ती रंगाच्या लहरीशी तंतोतंत जुळते, आणि बिचारा टीव्ही फसतो. त्याला तो रंग वाटतो! रांग एका ठिपक्याने सरकवली की दुसरा रंग. वर मी कालवण्याचा जो दोष सांगितला, त्यालाच या माणसाने कुंचला केले.

याचा अर्थ असा की अॅपल-२ चे चित्र 'स्वच्छ' तारेने, ठिपक्याला ठिपका असे पाहिले तर रंग नाहीसे होतात. उरतात काळ्या-पांढऱ्या उभ्या रेघा. आणि ही युक्ती एनटीएससीच्या तालावर बांधलेली असल्यामुळे युरोपसाठी काढलेला अॅपल-२ युरोप्लस जास्तीचे कार्ड बसवल्याशिवाय काळा-पांढराच दिसे. आमच्या माडीवरचा प्रसंग, फक्त उलट्या दिशेने.

आयबीएमच्या १९८१ च्या पीसीतही हीच गंमत होती. त्याच्या सीजीए कार्डाला चांगल्या मॉनिटरवर ३२० बाय २०० मध्ये चार रंग मिळत. त्याच कार्डाची कॉम्पोझिट तार टीव्हीला लावली की ठिपक्यांच्या रांगांतून सोळा रंग उमटवता येत. १९८४ च्या 'किंग्ज क्वेस्ट' या खेळात ही सोय होती. जास्त पैसे देऊन चांगला मॉनिटर घेणाऱ्याला कमी रंग!

दुसरे उदाहरण फ्रान्सचे. सेकाम पद्धतीत रंग पाठवायची तऱ्हा इतकी किचकट की स्वस्त संगणकात ती बसवणे परवडणारे नव्हते. पण फ्रान्सने १९८० पासून नव्या टीव्हींवर स्कार्ट नावाचे एकवीस टोकांचे दार सक्तीचे केले होते, आणि त्यात लाल, हिरवा, निळा यांच्या वेगळ्या तारा होत्या. म्हणून थॉमसनचे टीओ-७, एमओ-५ असे फ्रेंच घरगुती संगणक सरळ आरजीबी देत. अमेरिकन मुलगा अँटेनाच्या दारातून आलेल्या पुसट चित्रावर खेळत होता तेव्हा फ्रेंच मुलगा घरच्या साध्या टीव्हीवर धारदार चित्र पाहत होता. एका पद्धतीच्या अडचणीतून दुसरी सोय जन्माला आली.

ब्रिटनमध्ये हा मान शाळांच्या लाडक्या बीबीसी मायक्रोचा. १९८१ च्या डिसेंबरात एकॉर्न कंपनीने काढलेल्या या संगणकाला अँटेनाचे, कॉम्पोझिटचे आणि आरजीबीचे अशी तिन्ही दारे होती. रंग फक्त आठ, पण ६४० ठिपक्यांच्या रुंदीत ८० अक्षरांची ओळ वाचायची तर आरजीबीला पर्याय नव्हता. अँटेनातून ती ओळ म्हणजे दाभोळी उतारावर पावसात बसच्या काचेतून पाटी वाचणे. आपल्या देशाशीही या मशीनचे नाते आहे. १९८४ साली केंद्र सरकारने शाळांसाठी 'क्लास' नावाचा प्रकल्प सुरू केला, त्यात सुमारे २५० शाळांत बीबीसी मायक्रो गेले. आपल्या बाजारात पुढे १९८६ पासून डेसिबेल्स कंपनीचा परवान्याने बनवलेला 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' मिळू लागला. त्यामुळे भारतात ज्यांनी त्या दशकात घरगुती संगणक पाहिला, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या आठवणीतला संगणक ब्रिटिश वंशाचा असतो.

आणि अॅमस्ट्रॅडने तर १९८४ साली सीपीसी ४६४ काढताना प्रश्नच मिटवून टाकला. मॉनिटर संगणकासोबतच द्यायचा, हिरवा किंवा रंगीत. घरच्या टीव्हीवरून भावंडांचे भांडण नाही, चॅनल शोधणे नाही. आमच्या घरी तो आला असता तर हा लेख लिहावा लागला नसता.

*

दादा पुढे इंग्लंडला गेला. गोव्यातली कितीतरी माणसे पोर्तुगीज पासपोर्टवर स्विंडनला गेली, त्यांतलाच एक. २०१७ साली मी त्याच्याकडे जायला निघालो तेव्हा त्याने फोनवर एकच गोष्ट मागितली. नेवऱ्या नाहीत, खाजे नाही. "माळ्यावर माझा कमोडोर असेल, बघ जमला तर आण."

खोके तसेच होते. झुरळांनी थर्माकोल कुरतडला होता, पण मशीन शाबूत. कपड्यांत गुंडाळून घेऊन गेलो. जुना पॉवर सप्लाय मात्र दादाने लावूच दिला नाही. या मशीनचे जुने सप्लाय म्हातारपणी बिघडले की पाच व्होल्टांच्या जागी जास्त सोडतात आणि आतल्या चिपा जाळतात, असे त्याने वाचून ठेवले होते. त्याने नवा मागवून ठेवला होता. आणि कोणीतरी टाकून द्यायला काढलेला नव्वदच्या दशकातला एक काचेच्या नळीचा टीव्ही. त्याला स्कार्टचे दार होते, आणि त्या दारातून आलेली एनटीएससी त्याला समजत होती.

आम्ही पद्धतशीर बसलो. आधी कॉम्पोझिट तार. पडदा निळा झाला, फिकट निळ्या अक्षरांत ओळी उमटल्या. रंग! एकतीस वर्षांनी. अक्षरांच्या कडांना थोडी झालर होती. मग दादाने दुसरी तार लावली, उजेड वेगळा आणि रंग वेगळा. झालर गेली. अक्षरे अशी बसली की जणू कोणी पुसून पुन्हा लिहिली. रिकाम्या निळ्या भागावर फिकट उभ्या पट्ट्या दिसत होत्या, ही या मशीनची जुनी खोड, चांगल्या तारेने तीही जास्त उघड होते. मग खेळ लावला. टीव्हीतून तीन सुरांचे संगीत सुरू झाले. त्या मशीनची आवाजाची चिप जगप्रसिद्ध आहे, आणि आम्ही १९८६ मध्ये तिची फक्त खरखर ऐकली होती.

शेजारी दादाने त्याच्या मुलाचा, तिकडेच विकत घेतलेला स्पेक्ट्रम ठेवला होता. तोही कॉम्पोझिट तारेने त्याच टीव्हीवर लावला. अँटेनाच्या मानाने कितीतरी बरा, पण कडांची थरथर तशीच, चौकटींचा रंग सांडणे तसेच. निकाल द्यायचाच तर चित्राच्या बाबतीत कमोडोर स्पष्ट पुढे होता. ६९१२ बाइटांत भागवणाऱ्या स्पेक्ट्रमबद्दलचे माझे प्रेम त्यामुळे कमी झाले नाही, पण प्रेम आणि निकाल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मी दादाला म्हटले, "त्या चवथीला मी फार हसलो होतो."

तो पडद्यावरून नजर न काढता म्हणाला, "तू हसलास त्याचे काही नाही रे. मला वाटले मामांनी मोडकेच पाठवले. त्यांना पत्रात कधी लिहिले नाही मी की ते चालले नाही. लिहिले, चांगले आहे म्हणून."

त्याचे मामा तोवर वारले होते. त्यांनी भाच्यासाठी पैसे खर्चून मशीन पाठवले, त्यात खोट नव्हती. एका पोराने तीस वर्षे मनात ठेवले की खोट होती. वायर, टीव्ही आणि देश यांच्यातले अंतर मोजता न आल्यामुळे माणूस माणसाबद्दल किती चुकीचा ग्रह करून बसतो! त्या दिवशी आम्ही दोघे बराच वेळ काही बोललो नाही. खेळ मात्र चालू होता.

*

जाता जाता थोडे आजचे. हीच मशिने आजच्या सपाट टीव्हीला लावली की पुन्हा अन्याय होतो. जुन्या संगणकांचे चित्र नियमांत तंतोतंत बसत नाही. पालच्या नियमाप्रमाणे एका झाडलोटीत ३१२.५ रेषा हव्यात, स्पेक्ट्रम आणि पाल कमोडोर ३१२ देतात. काचेच्या नळीचा टीव्ही दिलदार होता, चालवून घेई. नवे टीव्ही बऱ्याचदा या चित्राला अर्धवट चित्र समजून दोन चित्रे एकमेकांत विणू पाहतात, आणि हलणाऱ्या गोष्टी विस्कटतात. यावर उपाय म्हणून हौशी लोकांनी ओएसएससीसारखी यंत्रे तयार केली आहेत, जी रेषा दुप्पट करून चित्र तसेच पुढे पाठवतात. त्यांनी चित्र सुंदर येते. पण मग अॅपलच्या फसव्या रंगांचे काय? कमोडोरच्या चित्रकारांनी पाल टीव्ही लागोपाठच्या रेषांचे रंग मिसळतो हे धरून एकाआड एक रेषा रंगवल्या, त्यांचे काय? त्या चिपमध्ये निळ्या रंगाचा आजच्यासारखा पक्का क्रमांकही नाही. फक्त उजेडाची पातळी आणि लहरीचा कोन. 'खरा' कमोडोर निळा कुठला, हे टीव्हीला विचारायला लागते.

म्हणून कोणी मला विचारले की कुठल्या जुन्या संगणकाचे चित्र सर्वांत चांगले, तर मी आधी तीन उलटे प्रश्न विचारतो. कुठल्या देशासाठी बनलेले मशीन? कुठल्या तारेने जोडले? आणि ज्याने चित्र काढले त्याच्यासमोर कुठला पडदा होता? या तिन्हींची उत्तरे मिळेपर्यंत निकाल देऊ नये.

तुमच्या माळ्यावरही असे एखादे खोके असेल. गोव्यात ते असण्याची शक्यता जास्तच, कारण आपली माणसे बोटीवर, आखातात, आफ्रिकेत, अमेरिकेत गेली आणि जिथून जे मिळाले ते घेऊन आली. ते 'चालत नाही' म्हणून ठेवले असेल तर भंगारवाल्याला देण्याआधी मागची पाटी वाचा. ११० व्होल्ट लिहिले असेल तर बहुधा ते मशीन मोडलेले नाही, परदेशी आहे. आणि ते पाठवणारे माणूस अजून हयात असेल, तर आधी त्यांना फोन करा.

दादाचा कमोडोर आता स्विंडनलाच आहे. गेल्या चवथीला त्याने फोटो पाठवला. गणपतीशेजारी टेबलावर तो टीव्ही, पडदा निळा, आणि खाली एक ओळ: आजीला सांग, रंग सापडले.